मतदान वाढलं की भाजपच जिंकतो? सोलापूरचे आकडे वेगळं काय सांगतात

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत सोलापूर मतदारसंघात भाजपला ५ लाख २४ हजार ९८५ मतं मिळाली आणि पक्ष दीड लाखाहून जास्त मतांनी जिंकला. २०२४ मध्ये भाजपची मतं वाढून ५ लाख ४६ हजार २८ झाली आणि पक्ष ७४ हजार १९७ मतांनी हरला.

म्हणजे पाच वर्षांत २१ हजार मतं वाढली, पण खासदार गेला.

त्यानंतर साडेसहा महिन्यांनी, २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेसाठी मतदान झालं. राज्यात टक्का वाढला. निकालात सोलापूर शहरातल्या तिन्ही जागा आणि अक्कलकोट भाजपने मोठ्या फरकाने जिंकल्या. लगेच एक सोपं स्पष्टीकरण सगळीकडे फिरू लागलं: लोकसभेला 'आपले' लोक घरी बसले होते, विधानसभेला ते रांगा लावून बाहेर पडले, म्हणून निकाल फिरला.

हे स्पष्टीकरण पूर्ण चुकीचं नाही, पण अर्धवट नक्कीच आहे. परंपरेला धरून राहणाऱ्या, उजव्या विचारांकडे झुकणाऱ्या समाजांनी जोरदार मतदान केलं की नेमकं काय होतं, हे समजून घ्यायचं असेल तर सोलापूरसारखा जिल्हा दुसरा सापडणं कठीण. कारण इथे एकाच दिवशी, एकाच जिल्ह्यात दोन अगदी उलटे निकाल लागले.

आधी राज्याचं चित्र

२०१९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात साधारण ६१ टक्के मतदान झालं होतं. २०२४ च्या लोकसभेलाही आकडा तेवढाच राहिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो ६६.०५ टक्क्यांवर गेला. १९९५ मध्ये जवळपास ७२ टक्के मतदान झालं होतं, त्यानंतरचा हा विधानसभेचा सर्वांत मोठा आकडा.

निकालात महायुतीला २३० जागा मिळाल्या: भाजप १३२, एकनाथ शिंदे यांची शिवसेना ५७ आणि अजित पवार यांची राष्ट्रवादी ४१. महाविकास आघाडीच्या तीन प्रमुख पक्षांची बेरीज ४६ वर थांबली. जूनमध्ये याच आघाडीने ४८ पैकी ३० लोकसभा जागा जिंकल्या होत्या.

टक्का वाढला आणि महायुती जिंकली. दोन गोष्टी एकत्र घडल्या की एकीमुळे दुसरी घडली असं वाटतं. पण सोलापूर जिल्ह्यात आलं की हा हिशेब जुळत नाही.

एकच जिल्हा, दोन निकाल

सोलापूर जिल्ह्यात विधानसभेच्या ११ जागा आहेत. त्यांपैकी पाच भाजपने जिंकल्या: शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट आणि पंढरपूर.

उरलेल्या सहाही जागा महायुतीच्या हातून गेल्या. करमाळा, माढा, माळशिरस आणि मोहोळ शरद पवारांच्या राष्ट्रवादीने जिंकल्या. बार्शी उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेकडे गेली. सांगोल्यात शेतकरी कामगार पक्षाचे बाबासाहेब देशमुख निवडून आले.

शरद पवारांच्या पक्षाला अख्ख्या राज्यात फक्त १० जागा मिळाल्या. त्यातल्या चार एकट्या सोलापूर जिल्ह्यातल्या आहेत.

आता गंमत अशी, की या जिल्ह्यात ग्रामीण भागातला टक्का शहरापेक्षा नेहमीच जास्त असतो. सांगोला, माढा, बार्शी या पट्ट्यात लोक मोठ्या संख्येने मतदान करतात, सोलापूर शहर मागे राहतं. 'जास्त मतदान म्हणजे भाजप' हे सूत्र खरं असतं, तर भाजपचे गड माढा आणि सांगोल्यात दिसायला हवे होते. दिसले ते उलट, कमी टक्क्याच्या शहरात.

लोकसभेलाही हेच झालं होतं. जिल्ह्यातले चार मतदारसंघ सामावणाऱ्या माढा लोकसभा मतदारसंघात सोलापूर लोकसभेपेक्षा जास्त मतदान झालं. तिथे भाजपचे रणजितसिंह नाईक-निंबाळकर एक लाख २० हजारांहून अधिक मतांनी हरले आणि धैर्यशील मोहिते-पाटील जिंकले.

त्यामुळे प्रश्न थोडा बदलून विचारावा लागतो. किती मतदान झालं, एवढं पुरत नाही. कोणी केलं आणि ते एका जागी पडलं की विखुरलं, हेही बघावं लागतं.

'परंपरेकडे झुकलेले' म्हणजे नेमके कोण?

सोलापूर शहरात भाजपचा पाया कशावर उभा आहे, हे शहराच्या रचनेतून कळतं.

कसब्याच्या जुन्या वस्तीत लिंगायत समाज मोठा आहे. ग्रामदैवत सिद्धेश्वर, जानेवारीतली गड्ड्याची यात्रा, सात नंदीध्वजांची मिरवणूक, हे सगळं या भागाच्या सामाजिक जीवनाच्या केंद्रस्थानी आहे. पूर्व भागात तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज आहे. हातमाग, यंत्रमाग, चादर-टॉवेल आणि विडी या धंद्यांनी घडलेला. नारळी पौर्णिमेला निघणारा मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव हा त्यांचा मोठा दिवस. बाजारपेठेत गुजराती, मारवाडी आणि जैन व्यापारी आहेत.

या समाजांत संघ आणि जनसंघाचं काम जुनं आहे. १९९६ मध्ये सोलापूर लोकसभेवर लिंगराज वल्याळ यांच्या रूपाने भाजपचा खासदार निवडून आला. शहर उत्तरमध्ये विजयकुमार देशमुख २००४ पासून सलग पाच वेळा जिंकले आहेत.

पण इथे एक सावधगिरी हवी. परंपरा जपणारा समाज म्हणजे भाजपचा मतदार, असं सरळ समीकरण नाही. याच पूर्व भागातल्या विडी आणि यंत्रमाग कामगारांनी माकपच्या नरसय्या आडम यांना तीनदा आमदार केलं. रथोत्सवात पुढे असणारी माणसं लाल बावट्याच्या मोर्चातही पुढे होती. पंढरपूर-मंगळवेढ्याचा पट्टा वारकरी परंपरेचा, संतांचा. तिथल्या मतदारांनी लोकसभेला काँग्रेसला मोठी आघाडी दिली. आणि शहरातल्या मुस्लिम मोहल्ल्यांमध्येही धर्म-परंपरेला धरून राहणारा मतदार मोठा आहे. तो भाजपला मत देत नाही, इतकंच.

त्यामुळे धार्मिक असणं ही एक गोष्ट आणि उजव्या पक्षाला मत देणं ही दुसरी. ती जोडली जाते तेव्हा त्यामागे संघटना, उमेदवार आणि त्या निवडणुकीतला मुद्दा असतो.

लोकसभेला काय घडलं?

२०१९ मध्ये सोलापूर लोकसभेत तिरंगी लढत झाली. भाजपचे जयसिद्धेश्वर शिवाचार्य स्वामी, काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे आणि वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर. शिंदेंना ३ लाख ६६ हजार ३७७ मतं पडली, आंबेडकरांना सुमारे १ लाख ७० हजार. दोघांची बेरीज ५ लाख ३६ हजारांच्या पुढे जाते, म्हणजे स्वामींच्या मतांपेक्षा जास्त. भाजपचा दीड लाखाचा विजय दिसायला दणदणीत होता, पण तो विरोधकांच्या फुटीवर उभा होता.

२०२४ मध्ये वंचितच्या अधिकृत उमेदवाराने माघार घेतली. लढत थेट झाली: काँग्रेसच्या प्रणिती शिंदे विरुद्ध भाजपचे राम सातपुते. संविधान बदलाची भीती, कांदा निर्यातबंदीचा राग, मराठा आरक्षणाचं आंदोलन, हे मुद्दे ग्रामीण भागात तापलेले होते. प्रणिती शिंदेंना ६ लाख २० हजार २२५ मतं मिळाली.

भाजपचा पारंपरिक मतदार तेव्हा घरी बसला होता का? शहर उत्तरमध्ये सातपुते पुढे होते. एकूण मतंही २०१९ पेक्षा वाढलेली होती. अर्थात मतदार यादीही या काळात मोठी झाली, त्यामुळे सगळी वाढ उत्साहाची मानता येणार नाही. तरीही पाया ढासळला असं हे आकडे सांगत नाहीत. पाया जागेवर होता, समोरची बाजू मात्र या वेळी एकत्र आली होती. मोहोळ आणि पंढरपूरने काँग्रेसला जी आघाडी दिली, ती शहराला भरून काढता आली नाही.

मग विधानसभेला काय बदललं?

तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, संघटना. लोकसभेच्या धक्क्यानंतर भाजप आणि संघ परिवाराने राज्यभर खालच्या पातळीवर काम वाढवलं. 'सजग रहो' या नावाने छोट्या बैठका झाल्या. त्यात कोणाला मत द्या यापेक्षा 'मतदानाला बाहेर पडा' यावर भर होता.

याचं यंत्र समजून घेण्यासारखं आहे. मतदार यादीच्या प्रत्येक पानासाठी एक कार्यकर्ता नेमला जातो. त्याला पन्ना प्रमुख म्हणतात. एका पानावर मोजकीच घरं असतात. कोण पुण्याला नोकरीला आहे, कोणाची आजी आजारी आहे, कोण दुपारी जेवून झोपतो, हे त्याला माहीत असतं. मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत कोणाच्या नावापुढे खूण झाली नाही ते बघायचं आणि त्या घरी जायचं, एवढंच त्याचं काम.

जिथे समाजाची मंडळं, पंच कमिट्या, देवस्थानं, बचत गट आधीपासून आहेत, तिथे हे यंत्र लवकर चालतं. यात्रेची वर्गणी गोळा करणारी साखळी मतदारालाही केंद्रापर्यंत आणू शकते. परंपरेने बांधलेल्या वस्त्यांत मतदान वाढवणं सोपं जातं, त्याचं मोठं कारण हे आहे. त्यात श्रद्धेइतकाच वाटा ओळखीचा असतो.

दुसरी गोष्ट, महिला. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये ऑगस्टपासून खात्यात येऊ लागले होते. निवडणुकीत महायुतीने ही रक्कम २१०० करण्याचं आश्वासन दिलं. राज्यात तीन कोटींहून अधिक महिलांनी मतदान केलं आणि पुरुष-महिलांच्या टक्क्यातला फरक दोन टक्क्यांच्याही आत आला.

सोलापुरात याचा अर्थ वेगळा आहे. इथे विडी वळणाऱ्या कामगार बहुतेक महिला आहेत. हातावर पोट असलेल्या घरात दर महिन्याला ठरलेल्या रकमेचा भरवसा ही लहान गोष्ट नसते. ज्या बाईने आजवर युनियनच्या सांगण्यावरून किंवा नवऱ्याच्या सांगण्यावरून मत दिलं, तिच्याकडे या वेळी स्वतःच्या खात्याचं कारण होतं. तिच्या मताला फक्त 'हिंदुत्वाचं मत' म्हणणं हा तिच्यावर अन्याय ठरेल.

तिसरी गोष्ट, भीती आणि प्रतिक्रिया. 'बटेंगे तो कटेंगे', 'एक हैं तो सेफ हैं' या घोषणा प्रचारात आल्या. देवेंद्र फडणवीस यांनी 'व्होट जिहाद' हा शब्द वापरला. महायुतीतलेच अजित पवार 'बटेंगे'च्या घोषणेशी सहमत नव्हते आणि त्यांनी ते उघडपणे सांगितलं. पण मिश्र वस्ती असलेल्या शहरात अशा घोषणा लवकर पोहोचतात. त्या दोन्ही बाजूंना ऐकू जातात, हे मात्र अनेकदा विसरलं जातं.

शहर मध्य: दोन्ही बाजूंच्या रांगा

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण सोलापूर शहर मध्य. पूर्व भागाचा मोठा हिस्सा आणि मुस्लिम मोहल्ले एकाच मतदारसंघात असल्याने इथली लढत नेहमीच गुंतागुंतीची असते.

२०१९ मध्ये प्रणिती शिंदे इथे ५१ हजार ४४० मतं घेऊन जिंकल्या. एमआयएमचे फारूक शाब्दी ३८ हजार ७२१ मतांसह दुसरे आले. शिवसेना, अपक्ष महेश कोठे आणि माकप यांच्यात बाकीची मतं वाटली गेली.

२०२४ मध्ये प्रणिती खासदार झालेल्या होत्या. महायुतीत ही जागा भाजपकडे आली आणि पूर्व भागातल्या कोठे घराण्यातले तरुण माजी नगरसेवक देवेंद्र कोठे उमेदवार झाले. त्यांना १ लाख १० हजार २७८ मतं पडली. शाब्दींना ६१ हजार ४२८. काँग्रेस तिसऱ्या क्रमांकावर गेली, आडम मास्तर मुख्य लढतीच्या बाहेर राहिले.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. २०२४ मध्ये हरलेल्या शाब्दींची मतं २०१९ मध्ये जिंकलेल्या प्रणिती शिंदेंपेक्षा दहा हजारांनी जास्त आहेत. मुस्लिम मतदारही मोठ्या संख्येने बाहेर पडला आणि बऱ्याच प्रमाणात एका उमेदवारामागे गेला, असा याचा सरळ अर्थ निघतो. पण एका बाजूने एकवटताच दुसरी बाजू त्याहून जास्त एकवटली.

या ओढाताणीत मधली जागा संपली. १५ वर्षं इथे काँग्रेस जिंकत होती ती दोन्हीकडची थोडी थोडी मतं घेऊन. मतदान वाढलं, पण मतदारापुढचे पर्याय कमी झाले. कामगारांचा प्रश्न घेऊन उभा राहणारा उमेदवार या हिशेबात बसेनासा झाला.

मतं वाढली, फरक घटला

शेजारच्या शहर उत्तरमध्ये उलटं चित्र आहे. विजयकुमार देशमुख यांना २०१९ मध्ये ९६ हजार ५२९ मतं होती, २०२४ मध्ये १ लाख १७ हजार २१५ झाली. वीस हजारांची वाढ. तरीही त्यांचा विजयाचा फरक ७३ हजारांवरून ५४ हजार ५८३ वर आला.

कारण समोरचा उमेदवार बदलला. शरद पवारांच्या राष्ट्रवादीतून महेश कोठे लढले आणि त्यांना ६२ हजार ६३२ मतं मिळाली. गंमत म्हणजे महेश कोठे हे देवेंद्र कोठेंचे काका. एकाच दिवशी पुतण्या मध्यमधून भाजपचा आमदार झाला आणि काका उत्तरमध्ये भाजपकडून हरले. एखादा समाज गठ्ठ्याने एका पक्षाबरोबर गेला, असं म्हणताना ही घरं आठवावीत.

अक्कलकोटमध्ये दोन्ही प्रमुख उमेदवार लिंगायत समाजातले होते. भाजपचे सचिन कल्याणशेट्टी यांची मतं १ लाख १९ हजारांवरून १ लाख ४८ हजारांवर गेली. काँग्रेसचे सिद्धाराम म्हेत्रे यांचीही ८२ हजारांवरून ९८ हजारांवर गेली. वाढीव मतदानाचा वाटा दोघांना मिळाला, फक्त कल्याणशेट्टींना जवळपास दुप्पट.

विरोधकांची मतं कुठे गेली?

दक्षिण सोलापूरमध्ये जे घडलं त्यातून दुसरी बाजू समजते.

इथे महाविकास आघाडीचे अधिकृत उमेदवार ठाकरे गटाचे अमर पाटील होते. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याचे धर्मराज काडादी अपक्ष उभे राहिले. विमानसेवेला अडथळा ठरते म्हणून जून २०२३ मध्ये या कारखान्याची चिमणी पाडली गेली होती. लिंगायत समाजात आणि ऊस उत्पादकांत त्याचा राग होता. हा राग भाजपला महागात पडेल, असा अनेकांचा अंदाज होता.

मतदानाच्याच दिवशी सुशीलकुमार शिंदे आणि प्रणिती शिंदे यांनी काडादींना पाठिंबा जाहीर केला. मतदान सुरू झालेलं असताना आघाडीचा मतदार दोन नावांमध्ये अडकला. भाजपचे सुभाष देशमुख ७७ हजार १२७ मतांनी जिंकले. २०१९ मध्ये हाच फरक २९ हजार होता. अमर पाटील ३९ हजार ८०५ वर थांबले, काडादीही मुख्य लढतीत येऊ शकले नाहीत.

पंढरपुरात भाजपचे समाधान आवताडे ८ हजार ४३० मतांनी वाचले. तिथेही काँग्रेसचे भगीरथ भालके आणि शरद पवार गटाचे अनिल सावंत, असे आघाडीचेच दोन उमेदवार आमनेसामने होते.

लोकसभेला आघाडीने जे केलं, त्याच्या उलट विधानसभेला केलं. आणि भाजपने लोकसभेला जे गमावलं, ते विधानसभेला वेगळ्या रस्त्याने परत मिळवलं.

पाच वाजल्यानंतरच्या मतांचा वाद

वाढलेल्या टक्क्यावर शंकाही घेतली गेली. २० नोव्हेंबरला संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के होता. अंतिम आकडा ६६.०५ झाला. एवढी मतं शेवटच्या तासात कुठून आली, असा प्रश्न विरोधकांनी विचारला.

निवडणूक आयोगाचं म्हणणं असं, की पाचचा आकडा हा अंदाजे कळवलेला असतो. सहा वाजता रांगेत असलेल्या प्रत्येकाला मतदान करू दिलं जातं. केंद्रावर किती मतं पडली याची नोंद असलेला 'सतरा-क' हा फॉर्म उमेदवारांच्या प्रतिनिधींना त्याच दिवशी केंद्रावरच दिला जातो.

या वादाचा सर्वांत गाजलेला अंक सोलापूर जिल्ह्यातच झाला. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत उत्तम जानकर यांना ८४३ आणि राम सातपुते यांना १००३ मतं पडली. गाव जानकरांचं असताना हे कसं झालं, म्हणून जानकर समर्थक ग्रामस्थांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घेण्याचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले आणि प्रयत्न थांबला. नंतर शरद पवारांनी गावाला भेट दिली, भाजपनेही तिथे सभा घेतली.

विशेष म्हणजे मतदारसंघात जानकर १३ हजार १४७ मतांनी जिंकले होते. म्हणजे इथे वाद हरलेल्याने घातला नव्हता. 'आमचं गाव असं मत देऊच शकत नाही', या ठाम समजातून तो उभा राहिला. गावाला, समाजाला, मोहल्ल्याला एकच मत असतं असं आपण धरून चालतो. पेटीतून वेगळं निघालं की संशय यंत्रावर जातो. यंत्राची तपासणी मागणं हा नागरिकांचा हक्क आहेच. पण शेजाऱ्याने वेगळं बटण दाबलं असेल, ही शक्यताही तपासायला हवी.

जास्त मतदानाचा फायदा नेहमी एकाच बाजूला होतो का?

जगभरात याबाबत ठोकताळे आहेत. अमेरिकेत अनेक वर्षं असं मानलं जायचं, की मतदान वाढलं की डेमोक्रॅटिक पक्षाला फायदा, कारण गरीब, तरुण आणि अल्पसंख्याक मतदार एरवी कमी येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे मतदान भरपूर झालं आणि डोनाल्ड ट्रम्प जिंकले. भारतात जुना समज असा, की टक्का वाढला म्हणजे सत्ताधाऱ्यांविरुद्ध लाट. महाराष्ट्रात टक्का वाढला आणि सत्ताधारी परत आले.

दोन्ही ठोकताळे एकाच कारणाने फसतात. टक्का हा फक्त बेरजेचा आकडा आहे. वाढीव माणसं कोणत्या गल्लीतून आली, हे तो सांगत नाही.

सोलापूरचे आकडे पाहिले तर निकाल दोन प्रश्नांवर ठरलेला दिसतो. आपला मतदार बाहेर आला का? आणि तो एकाच बटणावर आला का? लोकसभेला भाजपसाठी दोन्ही उत्तरं 'हो' होती. काँग्रेससाठीही दोन्ही 'हो' होती आणि तिची संख्या मोठी होती. विधानसभेला शहरात भाजपसाठी दोन्ही उत्तरं पुन्हा 'हो' आली, विरोधकांसाठी मात्र दुसरं उत्तर बहुतेक ठिकाणी 'नाही' आलं. माढा, मोहोळ, करमाळ्यात स्थानिक गट आणि नेते एका उमेदवारामागे उभे राहिले आणि राज्यातली लाट तिथे अडली.

रांगेत उभं राहून मिळालं काय?

निवडणुकीच्या चर्चेत हा प्रश्न मागे पडतो. ज्या वस्त्यांनी उत्साहाने मतदान केलं, त्या वस्त्यांना नळाचं पाणी रोज येत नाही. उजनी धरण जिल्ह्यातच आहे, तरी शहरातल्या अनेक भागांत काही दिवसांआड पाणी सोडलं जातं. सोलापूर विमानतळाचं उद्घाटन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं, पण मतदानाच्या दिवसापर्यंत तिथून प्रवासी विमान उडालं नव्हतं. ज्या चिमणीसाठी एवढं राजकारण झालं, ती पडून तेव्हा सतरा महिने झाले होते.

आणि या तक्रारी घेऊन जायला तेव्हा नगरसेवक नव्हता. सोलापूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून प्रशासक कारभार बघत होते. २०२४ मध्ये लोकसभा झाली, विधानसभा झाली, पण ज्या निवडणुकीचा संबंध गल्लीतल्या नळाशी आणि गटाराशी आहे, तीच तोवर झालेली नव्हती.

गठ्ठ्याने मतदान करणाऱ्या समाजापुढे एक जुना धोका असतो. एका पक्षाला तो आपल्या खिशात वाटतो, दुसऱ्याला तो मिळणारच नाही असं वाटतं. दोघांनाही मग त्याच्यासाठी फार काही करायची गरज उरत नाही. हे कसब्यातल्या लिंगायत मतदाराला लागू आहे, पूर्व भागातल्या पद्मशाली मतदाराला आहे आणि विजापूर वेशीतल्या मुस्लिम मतदारालाही तितकंच आहे.

मोहोळ आणि पंढरपूरच्या शेतकऱ्याने २०२४ मध्ये दाखवून दिलं, की आपलं मत गृहीत धरता येत नाही. कांद्यावर राग होता तेव्हा त्याने तो मतातून सांगितला. पंढरपूरने तर लोकसभेला एकीकडे कौल दिला आणि विधानसभेला दुसरीकडे. त्या मतदाराकडे पुढच्या वेळी दोन्ही पक्षांना पुन्हा जावं लागेल.

पुढची निवडणूकही येईलच. तेव्हाही पन्ना प्रमुख दार वाजवतील, रांगा लागतील, टक्का मोजला जाईल. त्या दिवशी दारात आलेल्या कार्यकर्त्याला पाणी कधी येणार हे विचारलं गेलं की नाही, त्याची नोंद मात्र कोणत्याच फॉर्ममध्ये होत नाही.